‘डौयकन’ आणि ‘डुबकी’ यांचे नाते आहे का?

प्रश्न नेदरलंड्समध्ये राहणाऱ्या एका मराठी आईचा आहे. त्यांची मुलगी पोहण्याच्या पहिल्या, म्हणजे ‘अ’ प्रमाणपत्राची तयारी करीत आहे. या परीक्षेत पाण्यात उभ्या सोडलेल्या एका पडद्याला मोठे भोक असते आणि मुलांना पाण्याखालून 3 मीटर पोहत जाऊन त्या भोकातून पलीकडे निघावे लागते. पुढच्या प्रमाणपत्रांना हेच अंतर 6 आणि 9 मीटर होते. शिक्षिका काठावरून सारख्या ‘डौयक! डौयक!’ असे ओरडतात; डच ‘डौयकन’ म्हणजे बुडी मारणे. मुलीच्या आईने, म्हणजे या बाईंनी, तीन गोष्टी विचारल्या आहेत : हा शब्द आपल्या ‘डुबकी’चा दूरचा भाऊ आहे का, युद्धकाळाविषयीच्या संग्रहालयात लपून राहिलेल्या माणसांना ‘ऑन्डरडौयकर’ का म्हटले होते, आणि घराजवळच्या रस्त्याचे काम चालू असताना लागलेल्या फलकावर ‘डौयकर’ बदलण्याचे काम सुरू असल्याचे लिहिले होते, तो कोणता पाणबुड्या?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ते का नाही हे नीट पाहिले तर उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरेही त्याच वाटेवर सापडतात. मी बरीच वर्षे डच मजकूर मराठीत आणण्याचे आणि मराठी मंडळींना डच शिकवण्याचे काम करीत आलो आहे, आणि या एका क्रियापदाने मला जितके थांबवून विचार करायला लावले तितके फार थोड्या शब्दांनी लावले असेल.

आधी उच्चार. डचमध्ये या क्रियापदात ‘यू’ आणि ‘आय’ ही अक्षरे शेजारी येतात आणि त्यांचा मिळून जो स्वर होतो तो मराठीत नाही. ‘औ’ म्हणायला सुरुवात करून ओठ गोलच ठेवायचे आणि शेवट ‘य’कडे न्यायचा, म्हणजे जवळपास तो स्वर लागतो, म्हणून मी ‘डौयकन’ असे लिहितो. शेवटचा ‘न’ बोलताना बहुधा गळतो. शिक्षिका जे ‘डौयक!’ म्हणतात ते आज्ञार्थी रूप आहे.

हा स्वर जुना नाही. मध्ययुगीन डचमध्ये हेच क्रियापद ‘डूकन’ असे दीर्घ स्वराने म्हटले जाई, आणि त्याच्याही मागे सर्व पश्चिम जर्मेनिक, म्हणजे डच, जर्मन, इंग्रजी यांच्या घराण्यातल्या, भाषांना समान असलेले रूप ‘डूकन’ असेच, खऱ्या दीर्घ ‘ऊ’चे होते. हॉलंड आणि ब्राबंट या प्रांतांच्या बोलींत तो दीर्घ स्वर फुटून संयुक्त झाला आणि त्याच बोलींवर आजची प्रमाण डच उभी राहिली. घराला डच लोक ‘हौयस’ म्हणतात, उंदराला ‘मौयस’. जर्मन आणि इंग्रजीत याच शब्दांत ‘आउ’ आहे, कारण त्या भाषांत तोच जुना स्वर वेगळ्या तऱ्हेने फुटला. ईशान्येकडील ग्रोनिंगन भागातील जुनी माणसे मात्र घराला अजून ‘हूस’ म्हणतात. बाईंना तिकडे कधी जाण्याचा योग आला तर कान देऊन ऐकावे. प्रमाण भाषेने टाकून दिलेला मूळ स्वर तेथे जिवंत आहे.

जर्मनमध्ये या क्रियापदाचे भावंड ‘ताउखन’ असे आहे. आरंभी ‘ड’च्या जागी ‘त’ आणि मध्ये ‘क’च्या जागी घशातला ‘ख’ आला, तो दक्षिणेकडील जर्मन बोलींत झालेल्या व्यंजनबदलामुळे. डच ‘डाख’ म्हणजे दिवस, तो जर्मनमध्ये ‘ताग’. डच ‘बूक’ म्हणजे पुस्तक, ते जर्मनमध्ये ‘बूख’. हा बदल इतका नियमित आहे की डच आणि जर्मन दोन्ही शिकणाऱ्याने तो एकदा लक्षात घेतला की शेकडो शब्द आपोआप जुळतात. स्वीडिश आणि डॅनिश भाषांतही बुडी मारण्यासाठी याच घराण्यातले शब्द आहेत, परंतु ते त्यांच्या घरचे नाहीत. मध्ययुगात उत्तर जर्मनीतील व्यापाऱ्यांची बोली बाल्टिक समुद्राच्या सगळ्या बंदरांत चालत असे आणि त्या बोलीतून ते तिकडे गेले. इंग्रजीत हे क्रियापद ‘डक’ या रूपात आहे. त्याचा एक अर्थ पाण्यात डोके बुडवणे आणि दुसरा, अंगावर येणारी वस्तू चुकवण्यासाठी झटकन खाली वाकणे. बदकाला इंग्रजीत ‘डक’ म्हणतात तेही यातूनच आले आहे. जुन्या इंग्रजीत त्या पक्ष्याचे नाव ‘डूके’ असे होते आणि त्याचा अर्थ केवळ ‘बुडी मारणारा’. डच लोकांनी बदकासाठी मात्र जुना शब्द राखला, ‘एन्ट’. तो संस्कृतमधील ‘आति’ या पाणपक्ष्याच्या नावाचा सख्खा नातलग आहे.

व्याकरणाच्या अंगाने डचने एक गोष्ट विशेष जपली आहे. ‘डौयकन’चा भूतकाळ ‘डोक’ आणि कर्मणी धातुसाधित ‘खेडोकन’ असे होते. प्रत्यय न लावता आतला स्वर बदलून काळ दाखवण्याची ही जर्मेनिक भाषांची पुरातन रीत आहे. जर्मन आणि इंग्रजी या दोघींनी या क्रियापदापुरती ती सोडली आणि सरळ प्रत्यय लावायला सुरुवात केली. डचमध्ये बंद करणे, सरपटणे, वाकणे या अर्थांची क्रियापदे याच साच्यात चालतात. लहान मुले ‘डोक’ऐवजी प्रत्यय लावून ‘डौयकते’ म्हणतात आणि मोठी माणसे त्यांना दुरुस्त करतात; बाईंच्या मुलीनेही हा टप्पा ओलांडला असेल.

आता ‘डुबकी’कडे येऊ. दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणून ते एका मुळाचे ठरत नाहीत. ध्वनींचा नियमित जुळणीचा हिशेब लागला पाहिजे. डच आणि मराठी या दोन्ही भाषा शेवटी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या असल्यामुळे हा हिशेब मांडता येतो. संस्कृतमध्ये जेथे ‘ध’ आहे तेथे डचमध्ये ‘ड’ येतो : ‘मध्य’ आणि ‘मिडन’, किंवा ‘धा’ हा धातू आणि ‘करणे’ या अर्थाचा डच ‘डून’. संस्कृतमध्ये जेथे ‘ग’ आहे तेथे डचमध्ये ‘क’ येतो : बैलाच्या मानेवरचे ‘युग’, म्हणजे आपले जू, डचमध्ये ‘यूक’ आहे. त्यामुळे ‘डौयकन’चा भाऊ संस्कृतात असता तर तो ‘ध’ने सुरू होऊन ‘ग’ किंवा ‘ज’वर संपला असता. ‘डुबकी’त यांपैकी काहीच नाही.

उलट ‘डुबकी’चा स्वतःचा इतिहास अगदी निराळा आणि फार सुंदर आहे. प्राकृतात मूळ धातू ‘बुड्ड’ असा आहे. त्यातून मराठीत बुडणे, बुडी, बुडवणे, पाणबुड्या हे शब्द सरळ आले. याच धातूतील दोन व्यंजनांची जागा बोलण्याच्या ओघात उलटली आणि ‘बुड’चे ‘डुब’ झाले. हिंदीने ते उलटलेले रूप मुख्य म्हणून घेतले, आणि मराठीत दोन्ही रूपे शेजारी नांदतात : माणूस बुडतो, आणि नदीत डुबकीही मारतो. म्हणजे ‘डुबकी’च्या आरंभीचा ‘ड’ मुळात शब्दाच्या शेवटी होता आणि शेवटचा ‘की’ हा तर नुसता प्रत्यय आहे, जो ‘गिरकी’तही दिसतो. ‘डौयकन’मधला ‘क’ मात्र धातूच्याच हाडातला आहे. दोन शब्दांतील जी दोन अक्षरे आपल्याला सारखी वाटतात, ती दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी तेथे आली आहेत.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो बऱ्याच सुशिक्षित माणसांकडूनही मी ऐकला आहे. इंग्रजीतला ‘डाइव्ह’ हा शब्द आणि डच ‘डौयकन’ एकच आहेत असे समजू नये. ‘डाइव्ह’ हा खोली दर्शविणाऱ्या घराण्यातला आहे : डच ‘डीप’ म्हणजे खोल, आणि डच ‘डोपन’ म्हणजे बाप्तिस्मा देणे, ज्याचा मूळ अर्थ पाण्यात बुडवणे, हे त्याचे आप्त. तेथे कल्पना खोल जाण्याची आहे. ‘डौयकन’चे घराणे वेगळे आहे, पश्चिम जर्मेनिकच्या बाहेर त्याचा खात्रीचा नातलग कोणत्याही भाषेत नाही, आणि त्याच्या पोटातली कल्पनाही खोलीची नाही. माझ्या दृष्टीने या शब्दाचे सगळे मर्म येथे आहे.

मध्ययुगीन डचमध्ये ‘डूकन’ म्हणजे पाण्यात बुडी मारणे, आणि खाली वाकणे, अंग चोरून घेणे, दडणेसुद्धा. जर्मनमध्ये ‘ताउखन’च्या शेजारी ‘डुकन’ हे भावंड आहे आणि त्याचा अर्थ केवळ दबून वाकणे, दबा धरणे. आजच्या डचमध्ये थंडीने किंवा भीतीने अंगाची जुडी करून बसलेल्या माणसाला ‘इनएनखेडोकन’ म्हणतात, शब्दशः ‘स्वतःतच बुडी मारलेला’. येथे पाण्याचा थेंबही नाही. चेंडू चुकवण्यासाठी बाजूला झुकणे किंवा जबाबदारी आली की काढता पाय घेणे, याला ‘वेखडौयकन’ म्हणतात. हरवलेली वस्तू किंवा बऱ्याच दिवसांत न दिसलेला माणूस अचानक समोर आला की तो ‘ऑपडौयकन’ करतो, म्हणजे वर निघतो. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वसाहतवाल्यांनी तिकडचा एक लहान, बुजरा कुरंग पाहिला. चाहूल लागताच तो डोके खाली घालून झुडपात शिरे आणि दिसेनासा होई. त्यांनी त्याचे नाव ‘डौयकर’ ठेवले आणि इंग्रजीसह अनेक भाषांनी ते तसेच उचलले. त्या प्राण्याचा पाण्याशी काही संबंध नाही. झुडूप हेच त्याचे पाणी.

या सगळ्या उपयोगांत समान काय आहे? अंग खाली करायचे आणि त्यामुळे नजरेआड व्हायचे. पाण्यात शिरणे हा त्याचा एक प्रकार. तोही जुना आहे, कारण जुन्या इंग्रजीतल्या बदकाचे नाव त्याची साक्ष देते. म्हणून पाण्याचा अर्थ आधी की वाकण्याचा आधी या वादात मी फारसा पडत नाही. जी जुनी माणसे हा शब्द वापरीत होती त्यांना या दोन क्रिया वेगळ्या वाटत नसाव्यात, असे माझे मत आहे.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपण बुडी मारतो आणि दडीही मारतो. दोन्हींना ‘मारणे’ हेच क्रियापद लावतो. पावसाने दडी मारली असे आपण म्हणतो, आणि उसने पैसे घेऊन एखाद्याने बुडी मारली असेही म्हणतो. या दोन शब्दांच्या मधोमध जी जागा आहे तेथे ‘डौयकन’ राहतो. विहिरीवर पोहायला शिकलेल्या माणसाकडे मात्र डचपेक्षा अधिक बारकावे असतात : हात पुढे करून डोक्याकडून झेपावणे म्हणजे सूर, गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन उडी टाकणे म्हणजे मुटका, आणि पाण्याखाली जाणे म्हणजे बुडी. डचमध्ये फळीवरून कौशल्याने उड्या मारण्याच्या क्रीडाप्रकाराला ‘स्खोनस्प्रिंगन’, म्हणजे ‘सुंदर उडी’ म्हणतात, तेथे ‘डौयकन’ चालत नाही. आणि पाठीवर नळकांडे बांधून समुद्राखाली जाणाऱ्याच्या कामाला ‘डौयकन’च म्हणतात. भाषांतर करताना ‘डौयकन’ दिसले की सूर लिहायचा की बुडी, हे प्रत्येक वेळी प्रसंग पाहून ठरवावे लागते.

आता ‘ऑन्डरडौयकर’. ‘ऑन्डर’ म्हणजे खाली. शब्दशः ‘खाली बुडी मारलेला’. पाण्याखाली जाणे या साध्या अर्थाने हे क्रियापद आधीही होते. मे 1940 मध्ये जर्मनीने नेदरलंड्स व्यापल्यानंतरच्या पाच वर्षांत त्याला असा अर्थ चिकटला की आज तोच पहिला आठवतो. जर्मनीतील कारखान्यांत सक्तीने कामाला पाठवले जाऊ नये म्हणून पळालेले तरुण, निष्ठेच्या प्रतिज्ञेवर सही न करणारे विद्यार्थी, रेल्वेच्या संपानंतरचे कामगार, आणि सर्वांत अधिक धोक्यात असलेले ज्यू नागरिक, हे सारे दुसऱ्यांच्या माळ्यांवर, गोठ्यांत, भिंतीमागच्या खोल्यांत नाहीसे झाले. युद्धाच्या अखेरच्या काळात अशा माणसांची संख्या 3 लाखांच्या वर गेली होती; त्यांत ज्यू 25 ते 30 हजारांच्या दरम्यान होते आणि त्यांच्यातले हजारो पकडले गेले. अ‍ॅन फ्रँकचे कुटुंब 6 जुलै 1942 रोजी आम्स्टरडॅममधील प्रिन्सेनग्राख्त 263 या पत्त्यावरच्या इमारतीच्या मागील भागात असेच दडले. लपलेल्यांना जागा, शिधापत्रिका आणि खोटी ओळखपत्रे मिळवून देण्यासाठी 1942 च्या अखेरीस देशभर पसरत गेलेली एक गुप्त संघटना उभी राहिली आणि तिने आपल्या नावातच ‘ऑन्डरडौयकर’ हा शब्द घेतला, ‘ऑन्डरडौयकरांच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय संघटना’. तिच्या संस्थापकांपैकी हेलेना कौयपर्स-रीटबर्ख या गृहिणी होत्या. त्यांना अटक झाली आणि 1944 च्या अखेरीस राव्हेन्सब्रुक छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मी सुरुवातीला सहजपणे ‘भूमिगत’ लिहीत असे. तो चुकीचा होता, असे आज मला स्पष्ट वाटते. 1942 च्या आंदोलनाने आपल्याकडे ‘भूमिगत’ला जो रंग दिला तो लढणाऱ्याचा आहे : साताऱ्याच्या प्रतिसरकारातील माणसे भूमिगत होती, म्हणजे लपून राहून ती राज्याला आव्हान देत होती. ‘ऑन्डरडौयकर’ बहुतेक वेळा लढत नव्हता. तो श्वास रोखून होता. दिवसा पाण्याचा नळ सोडायचा नाही, चपला घालून चालायचे नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचे. बाहेरच्या जगाच्या लेखी आपण नाहीच, असे महिनोन्महिने राहायचे. पाण्याखाली गेलेला माणूस जसा काठावरच्यांना दिसत नाही परंतु जिवंत असतो आणि त्याला कधीतरी वर यायचेच असते, तसे. डच समाजाने त्या काळात जमिनीची प्रतिमा न निवडता पाण्याची निवडली, यात त्या शब्दाचे सगळे सत्य आहे, आणि म्हणून मी आता ‘दडून राहिलेली माणसे’ असे लिहितो. ‘दडणे’मध्ये अंग चोरणेही आहे आणि वाट पाहणेही.

पाणबुडीविषयी थोडक्यात. सर्वसामान्य डच माणूस तिला ‘डौयकबोट’ म्हणतो. नौदल मात्र ‘ऑन्डरज़ेबोट’, म्हणजे ‘समुद्राखालची बोट’ म्हणते. त्यांची पहिली पाणबुडी व्ह्लिसिंगन येथे बांधली गेली, 1905 मध्ये पाण्यात उतरली आणि 1906 मध्ये नौदलात दाखल झाल्यावर ‘ओ 1’ झाली. त्याआधी तिचे नाव ‘लुक्तोर एत एमेर्गो’ होते, जे झेलंड प्रांताचे लॅटिन ब्रीद आहे : ‘मी झुंजतो आणि वर येतो’. बाईंना डच पाण्यात आपला एखादा नातलग शोधायचाच असेल तर तो येथे आहे. ‘एमेर्गो’मधील मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ बुडवणे असा आहे आणि ते संस्कृत ‘मज्ज्’ धातूचे खरे, ध्वनीच्या हिशेबाने सिद्ध झालेले भावंड आहे. आपले ‘मग्न’, ‘निमग्न’, ‘जलमग्न’ हे शब्द त्याच धातूचे, आणि संस्कृत ‘उन्मज्जति’, म्हणजे ‘बुडालेला वर येतो’, हे अर्थानेही ‘एमेर्गो’चे जुळे. लॅटिनमध्ये बुडी मारणाऱ्या एका पक्ष्याला ‘मेर्गुस’ म्हणत आणि संस्कृतमध्ये ‘मद्गु’. कानाला ‘डुबकी’ आणि ‘डौयकन’ जवळचे वाटतात, ‘मग्न’ आणि ‘एमेर्गो’ मुळीच वाटत नाहीत. नाते मात्र दुसऱ्या जोडीत आहे.

उरला रस्त्याच्या कामावरचा फलक. नेदरलंड्समध्ये शेतांच्या आणि घरांच्या कडेने पाण्याचे चर असतात आणि त्या सर्वांतले पाणी एकमेकांशी जोडलेले ठेवावे लागते, नाहीतर एकीकडे साचते आणि दुसरीकडे आटते. जेथे वाटेत रस्ता किंवा बांध आडवा येतो तेथे त्याच्या खालून सिमेंटचा किंवा लोखंडाचा नळ टाकतात. आपल्याकडे रस्त्याखालच्या अशा बांधकामाला मोरी म्हणतात. डचमध्ये तिचे नाव ‘डौयकर’. एका बाजूने चरातले पाणी येते, रस्त्यापाशी खाली शिरते, वरून जाणाऱ्या सायकलींना आणि मोटारींना दिसेनासे होते आणि पलीकडे पुन्हा उघड्यावर निघते. बाईंच्या घराजवळ बदलत आहेत तो हा नळ. त्यांच्या मुलीला पडद्याच्या भोकातून जे करायला सांगतात, तेच त्या चरातले पाणी तेथे करीत असते, आणि म्हणून दोन्हीकडे शब्द एकच आहे.